घरी अभंग रेकॉर्ड करण्याआधीची तयारी

माइक विकत घेण्याआधी खोली ठरवा. रस्त्याकडे खिडकी नसलेली, कपाट-गाद्यांनी भरलेली बेडरूम सगळ्यात बरी. मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो, आणि एकदा रेकॉर्ड झालेला घुमारा नंतर नीट काढता येत नाही. गायकाच्या पाठीमागे जाड गोधडी टांगा, कारण माइकचं तोंड त्याच भिंतीकडे असतं. खाली सतरंजी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यांनी खर्जातला घुमारा तसूभरही कमी होत नाही.

आता खरेदी. दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा), एक डायनॅमिक माइक (मुख्यतः जवळचा आवाज टिपणारा), एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची वायर), पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’चा फटका अडवणारी जाळी), कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन आणि स्टँड. इंटरफेस जुना चालेल, फक्त त्याचा ड्रायव्हर (तो कॉम्प्युटरशी जोडणारं सॉफ्टवेअर) तुमच्या कॉम्प्युटरवर चालतो का ते आधी बघा. स्टँड मात्र मजबूत घ्या. स्वस्तातला दुसऱ्या कडव्यापर्यंत मान टाकतो. कंडेन्सर माइकचा (जास्त संवेदनशील माइकचा) मोह सध्या आवरा. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच येणारी वीज) लागते ही अडचण नाही, ती इंटरफेस देतो. पण शेजारच्या कुकरची शिट्टीही तो इमानदारीने टिपतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला पैसे नकोत, ऑडॅसिटी फुकट आहे.

खरी मेहनत सुरात. घरची पेटी अनेकदा ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला (‘ए’ स्वराला) अचूक नसते आणि ती जागेवर बदलता येत नाही. म्हणून ॲपमधला तानपुरा थोडे सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर-खाली करून पेटीच्या षड्जाशी मिळवा, मग पेटीवरून तबला लावा. तबला अर्धा तास आधी त्याच खोलीत, पंखा-एसी बंद करून ठेवा. दमट हवेत पुडी सैल पडून सूर उतरतो, एसीच्या कोरड्या हवेत चढतो. प्रत्येक टेकआधी (दर वेळी रेकॉर्ड करण्याआधी) चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, एक बोट वाजवून बघा, हातोडी जवळ असू द्या.

तानपुरा हेडफोनमध्येच ऐका. फोनच्या स्पीकरवर लावला तर तो गाण्याच्या ट्रॅकमध्ये कायमचा शिरतो.

सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. गायकाला त्याच्या सर्वांत चढ्या ओळीवर पूर्ण आवाजात गायला लावा आणि आवाजाच्या पातळीचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. चाचणीत सगळेच दबकून गातात, टेकमध्ये आवाज वाढतो आणि फाटतो. तोंड माइकपासून वीतभर. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (आवाज कॉम्प्युटरमधून न फिरवता थेट हेडफोनमध्ये देणारं बटण) चालू करा. लॅपटॉपमधून गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा.

क्रम असा: मेट्रोनोमवर (टिकटिक करून लय देणाऱ्या ॲपवर) पेटीसह कच्चं गाणं, त्यावर तबला, मग पक्की पेटी, शेवटी पक्का गळा. पेटीचा माइक भात्यापासून लांब, नाहीतर फुसफुस सुरांच्या बरोबरीने येते. आणि गाणं सुरू होण्याआधी १० सेकंद सगळ्यांनी गप्प बसून रिकामी खोली रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनला (मागची खरखर कमी करणाऱ्या सोयीला) हाच नमुना लागतो.