हिवाळी सफरीसाठी शिडाची बोट कशी तयार करावी

काही महिने नुसती उभी असलेली बोट बाहेरून होती तशीच दिसते. आत मात्र बरंच काही झालेलं असतं. रबर कडक झालेलं असतं, व्हॉल्व्ह आवळून बसलेले असतात, डिझेलच्या टाकीत पाणी उतरलेलं असतं, बॅटरी मान टाकून असते. त्यातून हिवाळ्यात चुकीला वाव कमी. दिवस लहान, पाणी गार आणि हवा दाट. 0 अंशाची हवा 30 अंशाच्या हवेपेक्षा साधारण 11 टक्के जड असते, म्हणून वाऱ्याचा वेग तोच असला तरी शिडावरचा रेटा वाढतो.

त्यामुळे तयारीला निदान दीड महिना आधी लागा. सुटे भाग मागवायला आणि लाइफराफ्टच्या (संकटात वापरायच्या फुगणाऱ्या तराफ्याच्या) सर्व्हिसिंगला वेळ लागतोच. आणि संपूर्ण तपासणीत एक शिस्त पाळा: नुसतं बघून पुढे जायचं नाही. प्रत्येक वस्तू फिरवून, ओढून, चालवून बघायची.

आधी पाण्याखालचं

बोट जमिनीवर घेतलेली असेल तर तिथूनच सुरुवात करा, कारण एकदा ती पाण्यात उतरली की हे काम अवघड होतं. डेक चकचकीत करायचा मोह सगळ्यांना होतो. तो शेवटी ठेवा.

तळातून पाणी आत-बाहेर नेणारी जितकी भोकं आहेत, त्या प्रत्येकावरचा सीकॉक, म्हणजे भोक बंद-उघड करणारा व्हॉल्व्ह, शोधून काढा. एखादा हमखास सामानाच्या मागे दडलेला असतो. प्रत्येक सीकॉक हाताने पूर्ण बंद करा, पूर्ण उघडा. फिरत नसेल तर हातोडीने ठोकू नका. बोट जमिनीवर असतानाच तो खोलून साफ करा, ग्रीस लावा, नाहीतर बदला. पितळी भाग चाकूच्या टोकाने हलकेच खरवडून बघा. खाली पिवळी झळाळी दिसली तर ठीक. गुलाबीसर रंग दिसला तर त्यातलं जस्त झिजून निघून गेलंय आणि उरलेला धातू ठिसूळ झालाय. तो भाग त्याच दिवशी काढून टाकावा.

इतका काथ्याकूट कशासाठी, ते हिशेबाने कळतं. पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटिमीटरवर 25 मिलिमीटरचं एक भोक उघडं पडलं, तर मिनिटाला सुमारे 60 लिटर पाणी आत येतं. हाताने पंप मारणारा माणूस तेवढं फार वेळ उपसू शकत नाही. म्हणून प्रत्येक सीकॉकजवळ त्याच मापाची निमुळती लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवा. होज पाइप बोटांनी दाबून बघा. चिरा पडल्या असतील किंवा तो लाकडासारखा कडक झाला असेल तर बदला. क्लॅम्पची वरची बाजू नेहमी चांगली दिसते, गंज खालच्या बाजूला असतो, तेव्हा छोटा आरसा वापरा.

सुकाणूचं पातं खालून धरून हलवा, मग प्रोपेलरचा शाफ्टही. थोडीशी हालचाल चालते, खडखड चालत नाही. जस्ताचे अ‍ॅनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) निम्म्याहून जास्त झिजले असतील तर नवे लावा आणि त्यांच्यावर चुकूनही रंग मारू नका, कारण रंगाखाली ते काम करत नाहीत.

डोलकाठी आणि शिडं

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा अचानक तुटल्यासारख्या वाटतात, पण बहुतेक वेळा त्या आधी खुणा देतात. तार जिथे टोकाच्या टर्मिनलमध्ये शिरते, नेमक्या तिथेच पहिला धागा तुटतो. खालच्या टर्मिनलच्या तोंडाशी खारं पाणी साचून राहतं, म्हणून तिथे जास्त बारकाईने बघा. कापसाचा बोळा तारेवरून फिरवा. तुटका धागा असेल तर कापूस त्यात अडकतो आणि तुमचं बोट वाचतं. एक धागा जरी तुटलेला सापडला तरी ती तार बदलायची. त्यात तडजोड नाही.

टर्नबकलवर (तारा ताणायच्या स्क्रूवर) गुंडाळलेली जुनी चिकटपट्टी सोडवून टाका. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा पातळ थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. पट्टीखाली पाणी कोंडलं की तो थर मरतो आणि धातू आतून पोखरला जातो. स्प्लिट पिना नव्या घाला. तारा दहा वर्षांच्या झाल्या असतील तर वरून चांगल्या दिसल्या तरी जाणकार रिगरकडून (डोलकाठी-तारांचं काम करणाऱ्याकडून) तपासून घ्या. अनेक विमा कंपन्याही त्याच सुमारास विचारायला लागतात.

शिडांचं कापड बरेचदा धड असतं, उन्हाने मरते ती शिवण. अंगठ्याच्या नखाने टाके खरवडून बघा. दोरा सुटत असेल तर शीड शिवणकामाला पाठवा. मग धक्क्यावरच, वारा पडलेला असताना, शीड चढवून तिसऱ्या रीफपर्यंत (रीफ म्हणजे शीड लहान करण्याची एक पायरी) कमी करून बघा. रीफचा दोर चुकीच्या कप्पीतून ओवलेला आहे हे अंधारात, पावसात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: 10 नॉटचा वारा 14 नॉट झाला की रेटा जवळपास दुप्पट. म्हणून हिवाळ्यात शीड लवकर कमी करावं.

इंजिन

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेलचे दोन्ही फिल्टर बदला. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या तळातून थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि ते स्थिर होऊ द्या. खाली पाण्याचा थर दिसला तर टाकीत पाणी शिरलंय, काळपट गाळ दिसला तर बहुधा जंतूंची वाढ झाली आहे. अशा वेळी फिल्टर बदलून भागत नाही, टाकी साफ करावी लागते. नंतर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा असते, आणि गार रात्री तिचंच पाणी होतं.

समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा इम्पेलर (पात्यांचं रबरी चाक) बाहेर काढा. पाती वाकून तशीच राहिली असतील तर नवा घाला. एखादं पातं तुटून गेलं असेल तर तो तुकडा पुढे नळीत किंवा हीट एक्स्चेंजरमध्ये अडकलेला असणार. तो सापडेपर्यंत शोधा. इंजिन सुरू केल्यावर एक्झॉस्टमधून पाणी येतंय ना, ते लगेच बघा.

वीज आणि दिवे

12 व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर विश्रांतीनंतर सुमारे 12.7 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे ती जवळपास निम्मी रिकामी. थंडीत तिची ताकद घटते आणि नेमके तेव्हाच दिवे जास्त वेळ लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर ती शून्य अंशाखाली चार्ज करू नका.

सगळे नेव्हिगेशन दिवे अंधार पडल्यावर लावून, धक्क्यावर उभं राहून बघा. व्हीएचएफ रेडिओवर चॅनल 16 (संकटाच्या हाकेचा) चालतो का तपासा. ईपीआयआरबीच्या (संकटात ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्राच्या) बॅटरीची मुदत आणि तुमच्या नावावरची नोंदणी दोन्ही बघा, कारण जुन्या मालकाच्या नावाने संदेश गेला तर शोधकार्याचा मौल्यवान वेळ वाया जातो.

माणसं

गार पाण्यात पडलेल्या माणसाला पहिलं मिनिट श्वासावर ताबा राहत नाही, त्यानंतरची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला तासाभराचा अवधी असतो. म्हणजे लाइफजॅकेट अंगावर असेल तरच उपयोगाचं. प्रत्येक जॅकेट तोंडाने फुगवून 24 तास ठेवा, ते मऊ पडता कामा नये. गॅसचं नळकांडं काढून वजन करा आणि त्यावर छापलेल्या वजनाशी ताडून बघा. मांडीखालून जाणारा पट्टा नसेल तर बसवून घ्या. त्याच्याशिवाय जॅकेट पाण्यात डोक्यावरून वर सरकतं.

केबिनमध्ये हीटर किंवा शेगडी पेटवणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय झोपू नका. या वायूला रंग नाही, वास नाही. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचून राहतो.

नांगर

साखळी पूर्ण बाहेर काढून पसरा, गंजलेल्या कड्या बघा, दर दहा मीटरवर खूण करा. नांगराच्या शॅकलची (साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधा. साखळीचं आतलं टोक बोटीला दोराने बांधलेलं असावं, म्हणजे अडचणीच्या वेळी चाकूने कापता येतं. खोली मोजताना भरती आणि बोटीच्या नाकाची उंची धरायला विसरू नका: 5 मीटर पाणी, 2 मीटर भरती, 1 मीटर नाकाची उंची, असे झाले 8. पाचपटीने 40 मीटर साखळी सोडायची, आणि वारा वाढला तर आणखी.

चाचणी

बोट पाण्यात उतरल्यावर सगळ्यात आधी प्रत्येक सीकॉक कोरडा आहे का ते हात लावून बघा, तासाभराने पुन्हा बघा. मग जवळच एक रात्र काढा: शिडं चढवा, रीफ घ्या, अंधारात नांगर टाका, हीटर लावून झोपा, सकाळी बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) किती पाणी आलं ते मोजा. जे जे खटकेल ते तिथल्या तिथे लिहून काढा. ती यादी पुरी केल्यावर मगच लांबच्या सफरीची तारीख ठरवा, आणि तीही हवामानाचा अंदाज बघून मागेपुढे करायची तयारी ठेवून. निघताना मार्ग, बोटीवरची माणसं आणि पोहोचायची वेळ किनाऱ्यावरच्या एका भरवशाच्या माणसाला लिहून द्या, आणि किती उशीर झाला की तटरक्षक दलाला कळवायचं तेही त्याच कागदावर लिहा.