तळघरातील पाणी: गिलाव्याआधी पाण्याची वाट शोधावी

विदर्भातील जुन्या वाड्यांची तळघरे अजूनही कोठे कोठे धान्य आणि अडगळ ठेवण्यासाठी वापरली जातात. पावसाळ्यात त्यांची भिंत ओलावली, की पहिला उपाय म्हणून गवंड्याकडून आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला जातो. हा गिलावा उन्हाळ्यापर्यंत उत्तम दिसतो, कारण तोवर जमिनीतले पाणीच ओसरलेले असते. पुढच्या आषाढ-श्रावणात मात्र लोणा (भिंतीवर येणारा पांढरा क्षार) पुन्हा फुलतो आणि पापुद्रे सुटू लागतात. म्हणून खर्च करण्यापूर्वी पाणी कोणत्या वाटेने येते, हे ठरवावे.

त्यासाठी दोन फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवून दोन दिवस तसाच ठेवावा. खोलीकडील बाजूस थेंब साचले, तर ती हवेतील वाफ आहे. दमट दिवसांत दारे-झरोके बंद ठेवून कोरड्या दिवशी ती उघडली, की हा त्रास बराच कमी होतो. थेंब प्लॅस्टिकच्या मागे आले, तर पाणी भिंतीतून येत आहे असे समजावे. मग वेळेची नोंद करावी. सर पडल्यावर काही तासांतच भिंत ओली होत असेल, तर दोष छपराच्या आणि अंगणाच्या पाण्याचा असतो. पाऊस थांबून आठवडा झाला तरी फरशीच्या सांध्यांतून पाणी येत असेल, तर ते भूजल असते. आणि भर वैशाखातही एकच कोपरा ओला राहत असेल, तर वरची न्हाणी, पाण्याची टाकी किंवा भिंतीलगतचा शोषखड्डा तपासावा.

अंगणात विहीर असल्यास काम आणखी सोपे होते. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने तळघराच्या फरशीची पातळी विहिरीच्या काठाशी जुळवून घ्यावी आणि भाद्रपदात विहिरीचे पाणी त्या पातळीच्या वर चढते का, हे पाहावे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांध्या (भातखाचरे) किंवा मामा, म्हणजे जुने माजी मालगुजारी, तलाव घराला लागून असतात, तेथे असे सहज घडू शकते.

छपराचे पाणी किती असते, याचा अंदाज सहसा कमी केला जातो. १,००० चौरस फुटांच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४,६०० लिटर पाणी उतरते. वळचणीला पन्हळ नसेल, तर ते सारे पागोळ्यांतून नेमके जोत्याच्या पायथ्याशी पडते. त्यातच काळी माती उन्हाळ्यात आकसून भिंतीपासून सुटते आणि तिच्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी थेट पायापर्यंत जाते. यासाठी पन्हळ बसवून तिचे पाणी पाइपने भिंतीपासून निदान दहा फूट दूर सोडावे. भिंतीलगतची काळी माती दीड-दोन फूट खोल काढून तेथे चिकणसर मुरूम थराथराने चोपावा आणि त्यावर तीन फूट रुंदीचा फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा करावा. अंगणाला पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार असावा. ही कामे मृग लागण्यापूर्वी उरकावीत, कारण ओल्या काळ्या मातीत खोदकामही नीट होत नाही आणि भरावही बसत नाही. माझ्या मते बहुतेक घरांना एवढ्यावरच थांबता येईल.

भूजल असेल, तर मात्र बाहेरून चर खणून त्यात भोके पाडलेला चार इंची पाइप गाळणीच्या कापडात व गिट्टीत बसवावा लागतो आणि शंभर फुटांना एक फूट उतार देऊन तो सखल जागी काढावा लागतो. चर पायाच्या तळाखाली नेऊ नये, आणि दगड-मातीची भिंत असल्यास एका वेळी चार-पाच फुटांपेक्षा जास्त लांबी उघडी करू नये. पाणी काढून द्यायला सखल जागाच नसेल, तर तळघराच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात आपोआप सुरू होणारा पंप बसवावा.

आतली दुरुस्ती शेवटी करावी. काँक्रीटचा तडा आत रुंद होत जाईल असा कोरून, धुऊन, लवकर घट्ट होणाऱ्या जलरोधक सिमेंटने दाबून भरावा. जुन्या विटा-दगडांच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा बरा, कारण त्यातून ओल सुकून बाहेर पडते.

तळघर भरलेच, तर आधी घराची मुख्य वीज बंद करावी. ते बटण तळघरातच असेल, तर पाण्यात न उतरता वायरमनला बोलवावे. डिझेल किंवा पेट्रोलवर चालणारा पंप आत ठेवू नये, त्याचा धूर जीवघेणा ठरतो. धान्य सडलेल्या बंद तळघरातही एकट्याने उतरू नये. बाहेरची जमीन भिजलेली असताना सगळे पाणी एकदम उपसल्यास बाहेरचा दाब भिंत आत ढकलू शकतो. म्हणून फूटभर पाणी काढून भिंतीवर खूण करावी आणि रात्रभर थांबावे. सकाळी पाणी खुणेच्या वर आलेले दिसल्यास उपसा पुढे ढकलावा, अन्यथा आणखी एक फूट काढावे.