कटाईआधी शेतरस्त्याची पाठ बघा

पाऊस ओसरला की कापसाची वेचणी आणि केळीच्या कांदेबागाची कटाई जवळपास एकदमच अंगावर येते. मग रस्त्याकडे बघायला सवड कुणाला? म्हणून जमिनीत ओल आहे तोवरच हे काम उरका. मुरूम दबतो तो ओलीत. उन्हाळ्यात टाकलेला कोरडा मुरूम चाकाखाली सरकतो आणि धूळ होऊन उडतो. आपल्याला मात्र रस्ता आठवतो तो एप्रिलातच!

परतीच्या पावसाची सर येऊन गेली की लगेच फावडं घेऊन निघा. पाणी कुठं साचतं आणि कुठं चाकोरीतूनच लांबवर वाहतं, ते बघा. दहा फुटी रस्त्याचा मधला माथा कडेपेक्षा तीन इंच तरी उंच हवा. माथ्यापासून कडेपर्यंत पाणसळीत दोरी ताणली की कडेला खाली उरलेलं अंतर मोजता येतं.

खरा दोष बहुतेक वेळा कडेला सापडतो. चाकांनी बाहेर फेकलेला मुरूम, त्यावर माजलेलं गवत, असं करत वीतभर वरंबा तयार होतो. पलीकडे चर असतो, पण पाणी तिथवर पोचतच नाही. आम्ही एका साली चार ट्रॉल्या मुरूम ओतला आणि वरंबा तसाच ठेवला. पुढच्या पावसाळ्यात चाकोऱ्या पुन्हा तुडुंब. काळ्या जमिनीत पाणी मुरलं की माती फुगते, मऊ पडते आणि वरचा मुरूम गिळते. खड्ड्यांतून आणलेले घड घासून काळे पडले, व्यापाऱ्याने कटती लावली ती वेगळीच. तेव्हा आधी वरंबा कापा, दर पंधरा-वीस पावलांवर पाण्याला चरात तोंड काढून द्या. मोरीच्या पाइपातला गाळही तेव्हाच काढा.

खड्ड्यात विटांचे तुकडे, धोंडे टाकू नका. धोंडा जागेवर राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नवे खड्डे पडतात. पाणी उपसा, कुदळीने कडा उभ्या कापा, तीन-चार इंचांचे थर देत ओलसर मुरूम भरा आणि प्रत्येक थर धुमसाने ठोका. वरचा थर रस्त्यापेक्षा बोटभर उंच ठेवा, गाड्या फिरल्या की तो बसतो.

मुरूम घेताना मूठभर ओला करून दाबा. गोळा झाला आणि हाताला चिखल फारसा चिकटला नाही, तर माल चांगला. नुसती खडी सुटी राहते, मातकट मुरूम पावसात निसरडा होतो. नाल्यातून मुरूम उचलायचा तर तहसीलची परवानगी आधी घ्या, नाहीतर ट्रॉली जप्त होते.

खडखड लागणाऱ्या आडव्या लाटांवर वरून माल पसरून भागत नाही. ट्रॅक्टरच्या ब्लेडने लाटेच्या तळापर्यंत खरवडा, पाणी मारा, मग दाबा. रोलर नसला तर पाण्याने भरलेला टँकर दर फेरीला चाकभर सरकवत फिरवा आणि दोन दिवस जड गाडी त्यावर घालू नका.