हाड जुळलं, माणूस उठेना: या चुका टाळा

पावसाळा हा आम्हा कोकणातल्या फिजिओथेरपिस्टांचा सीझन. जांभ्याच्या पायरीवर शेवाळ धरतं, कोणीतरी घसरतं, खुब्याचं हाड मोडतं. ऑपरेशन झालं की घरचे पहिलं विचारतात, "गणपतीपर्यंत चालतील ना?" पंचांग बघून हाडं जुळत नाहीत हो. मांडीचं हाड साधारण 12 आठवडे घेतं, कधी जास्तच. पूर्ण भार कधी टाकायचा ते सर्जन एक्स-रे बघून ठरवतो, मुंबईहून आलेला चुलता नव्हे.

पण सगळ्यात वाईट चूक म्हणजे उदासीला आळस म्हणणं. ही मी स्वतः केलीय.

देवगडकडच्या एक काकी. सत्तरी ओलांडलेली, खुब्यात रॉड. वॉकर भिंतीला टेकवलेला, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. "उठा" म्हटलं की भिंतीकडे तोंड. "आता चलान खंय जावचा आसा माका?" सूनबाई म्हणाल्या, लाड चाललेत. मीही मान डोलावली, वर व्यायामाचा तक्ता चिकटवला आणि चार शब्द सुनावले. त्यांची तंबाखूही सुटली होती. तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो, त्यामुळे मी उलट शाबासकी दिली!

तिसऱ्या आठवड्यात पानाचा डबा उघडला. नागवेलीची पानं काळी पडून चिकटलेली, चुना दगड झालेला. पानाशिवाय जिचं तोंड चालत नसे, त्या बाईने डब्याला हातही लावला नव्हता. मग नीट विचारलं. पहाटे तीनला जाग, जेवणावर वासना नाही, पुन्हा पडण्याची धास्ती. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, रोज. हे डिप्रेशन होतं आणि मी तक्ते चिकटवत होते.

जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. त्या लागू पडायला काही आठवडे जातात. तोवर मी "दहा वेळा पाय उचला" बंद केलं. पडवीपर्यंत, तिथून तुळशीपर्यंत, एवढंच. कंबर मीच धरायची. माझी तरी आता हीच सवय: पहिल्या दिवशी विचारते, तुम्हाला कुठे जायचंय?

बाकीच्या चुका थोडक्यात. ताज्या फ्रॅक्चरवर तेल रगडू नका, विशेषतः कोपराला. तिथे स्नायूतच हाड धरू शकतं. बरं वाटलं म्हणून मनाच्या गोळ्या आपल्या आपण सोडू नका. भेटायला येऊन "आमची अमकी अशीच गेली" हे सांगणाऱ्यांना चहा देऊन लवकर वाटेला लावा. "मेलेलं बरं" हे हसण्यावारी नेऊ नका; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आणि त्या पायरीवर आजच ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा. काकींच्या घरी ती अजून तशीच हिरवी होती.