जोडीदाराचा अमेरिकी व्हिसा: उत्पन्न कमी पडत असेल तर

आय-८६४ फॉर्म, म्हणजे येणाऱ्या जोडीदाराच्या खर्चाची तुम्ही सरकारला दिलेली लेखी हमी, भरताना आधी घरातली माणसं नीट मोजा. स्वतः, येणारा जोडीदार, अवलंबून मुलं, शिवाय पूर्वी कुणाला स्पॉन्सर केलं असेल आणि ती हमी अजून चालू असेल तर तेही. इथेच बहुतेकांची गफलत होते. त्या आकड्यानुसार अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न लागतं.

कमी पडलं तर धीर सोडू नका. तुम्ही अमेरिकी नागरिक असाल तर तुटीच्या तिप्पट बचत चालते: ४,००० डॉलर कमी, तर १२,००० दाखवा. नाहीतर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तुमच्यासोबत हमी देणारा दुसरा माणूस, घ्या. पण सही करण्याआधी त्याला स्पष्ट सांगा, तुमचा घटस्फोट झाला तरी त्याची हमी सुटत नाही. जिवाभावाच्या माणसाला कृपया अंधारात ठेवू नका.