विदर्भात आडबाजूचा किल्ला शोधायला निघताय?

आधी मेळघाटात जा, पण शोधायला नव्हे, डोळा तयार करायला. गाविलगड आणि नरनाळा निवांत फिरा. दरवाजा वळणात कसा दडवलाय, कड्याच्या कोणत्या कोपऱ्यावर बुरूज बसवलाय, हे बघा. नरनाळ्याच्या १४८७ च्या महाकाली दरवाज्याचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही जास्त वेळ शक्कर तलावापाशी काढा. वर शिबंदी, म्हणजे गडाची फौज, ठेवायची तर पाणी हवंच, त्यामुळे तट पडला, माती झाला तरी टाकं किंवा तळं बहुधा उरतं.

म्हणूनच गावात पोचल्यावर मी ‘इथं किल्ला आहे का’ असं विचारत नाही. तसं विचारलं की समोरच्याला लगेच गुप्तधनवाले आठवतात. चहा मिळतो, उत्तर मिळत नाही. गुराख्याला विचारायचं, “काकाजी, चैतात ढोरं वर कुठं पाणी पेतात?” मग “वरच्या बोडीवर जी, बाजूनं मोठमोठे गोटे रचून हायेत” असं सहज बोलण्यात येतं. बोडी म्हणजे लहान तळं. गोटे कोणी रचले, ते त्यानंतर विचारा.

घरचा अभ्यास त्याआधीचा. इंग्रजी अमदानीतली जिल्हा गॅझेटिअर कंटाळवाणी वाटतात, पण तुमसरकडचा अंबागड देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या सुभेदारानं १७०० च्या सुमारास बांधला, असल्या नोंदी तिथंच सापडतात. मग सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. माथा सपाट, कडेला समोच्च रेषांची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची) दाटी आणि वर निळा ठिपका, अशी टेकडी दिसली तर तिच्यावर खूण करा. उपग्रहचित्र फेब्रुवारी-मार्चचं बघा, सागाची पानं झडलेली असतात. इथंच नवखे फसतात: वनविभागाने पाणी अडवायला खणलेले समतल चर आणि दगडी बांध वरून थेट तटासारखे दिसतात. पण बांध उतारावर एकाखाली एक, ओळीनं असतात. तट माथ्याच्या कडेकडेनं जातो आणि मध्येच बुरुजापाशी फुगतो.

मेळघाटाच्या काळ्या पाषाणात निसर्गही भिंती रचतो. खांबासारख्या उभ्या दगडांना तट समजू नका. सांध्यात चिपा (लहान दगडी तुकडे) ठोकल्यात का, दगडाला घडाईचा सरळ कोपरा आहे का, हे जवळ जाऊन तपासा. रानात मध्येच सीताफळीची दाटी लागली तर थांबा. जुन्या पडक्या वस्त्यांवर ती हमखास माजते. निव्वळ सीताफळीवरून मात्र गड जाहीर करू नका.

जायचं ते जानेवारी अखेरपासून होळीपर्यंत. त्याआधी गवत डोक्याएवढं असतं, नंतर मोह पडायला लागतो आणि पहाटे झाडाखाली अस्वल असतं. व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. इतरत्रही वनरक्षकाला कळवा, आणि गावातला माणूस रोजी देऊन सोबत घ्या. फुकटात नेऊ नका.

सापडलंच, तर दगड हलवू नका. पट्टी ठेवून फोटो, जीपीएसची नोंद, हातानं काढलेला कच्चा आराखडा एवढं पुरे. राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला अर्ज करा, एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. नेमकं ठिकाण मात्र फेसबुकवर टाकू नका. मी पाहिलेल्या बऱ्याच पडक्या गडांवर देवीच्या ओट्याखाली खड्डा आहे आणि काठावर लिंबू-कुंकू. तुमच्या पोस्टनंतर तिथं पोचणाऱ्यांत कुदळवाले पहिले असतील.