जुन्या विज्ञानपटावरून काढलेली टीव्ही मालिका : बघावी की सोडावी, कसं ठरवायचं?

आधी मूळ सिनेमा पुन्हा बघा. आठवणीतला सिनेमा खऱ्यापेक्षा जास्त चांगला असतो, आणि मालिकेवरची निम्मी चिडचिड त्या आठवणीपायीच होते. बघून झाला की कागदावर एकच ओळ लिहायची : सिनेमा कोणत्या प्रश्नावर उभा आहे? 'मायनॉरिटी रिपोर्ट' (२००२) पुरती ती ओळ अशी : अजून न घडलेल्या गुन्ह्यासाठी माणसाला पकडावं का?

आता मालिका तो प्रश्न ठेवते का, ते तपासा. २०१५ची मालिका सुरू होते तेव्हा गुन्ह्याआधी अटक करण्याची योजनाच बंद पडलेली असते. म्हणजे पायाच काढून घेतलेला. उरतो दर भागाला एक गुन्हा सोडवण्याचा नेहमीचा पोलिसी साचा. दहा भागांत गाशा गुंडाळला. हा रोग जुनाच आहे. 'लोगन्स रन' (१९७६) मध्ये तिशीला मरण देणाऱ्या शहराचा धसका सिनेमाभर पुरतो. १९७७च्या मालिकेत नायक पहिल्याच भागात शहराबाहेर पडतो, मग दर भागाला नवी वस्ती, नवं संकट. चौदा भाग झाले आणि संपली.

मग लांबीचं गणित. यंत्रमानवांनी भरलेल्या करमणूक-नगरीवरचा 'वेस्टवर्ल्ड' (१९७३) ८८ मिनिटांचा. २०१६च्या मालिकेचा पहिला सीझन दहा भागांचा, म्हणजे साधारण सातपट. एवढी जागा कशाने भरली, हे बघायचं. पात्रांचा भूतकाळ, कुठलासा गुप्त कट, प्रेमाचा त्रिकोण एवढंच सापडलं, तर पाणी घातलंय असं समजा. इथे मात्र बाजूच बदलली : सिनेमा पाहुण्यांच्या नजरेतून चालतो, मालिका यंत्रमानवांच्याही. पहिला सीझन तरी त्यामुळे तगतो.

विज्ञानकथेचा नियम बदलला असेल तर तुलना तिथेच थांबवा. काळप्रवासावरच्या 'ट्वेल्व्ह मंकीज' (१९९५) मध्ये मागे जाऊनही भूतकाळ बदलता येत नाही, सगळी घुसमट त्यातूनच येते. २०१५च्या मालिकेत तो बदलता येतो. ही वेगळीच गोष्ट आहे, वेगळी म्हणूनच बघावी. (तो सिनेमाही १९६२च्या २८ मिनिटांच्या एका फ्रेंच लघुपटावरून घेतलेला. रीमेक म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.)

निर्णय पहिल्या भागावर घेऊ नका. सिनेमातले ओळखीचे प्रसंग बहुतेक तिथेच खर्ची पडतात, म्हणून तो भुलवतो किंवा उगाच चिडवतो. तिसऱ्या भागापर्यंत जा आणि बघा : आधी टाकलेल्या एखाद्या कोड्याचं उत्तर मिळालं, की त्याच्या जागी दुसरं कोडं आलं? दुसरं असेल तर बंद करा.

आणखी एक, हे सुरू करण्याआधीच बघावं : मालिका संपली की मध्येच बंद पडली? 'ट्वेल्व्ह मंकीज' चौथ्या सीझनला आपल्या शेवटापाशी पोचून थांबली. 'वेस्टवर्ल्ड'चेही चारच सीझन झाले, पण पाचव्यासाठी राखून ठेवलेला शेवट २०२२ मध्ये मालिका बंद झाल्यामुळे राहूनच गेला.